बजेट कुणाचं, बिल कुणाचं?

चाकणच्या कंपन्यांत कॅन्टीनचं एक टेबल म्हणजे अर्धा भारत. आमच्याकडे एक मल्याळी, एक दिल्लीवाली आणि बाकी आम्ही खेड-जुन्नरकडचे. इन्क्रिमेंटच्या गप्पा संपल्या की ‘कुणाचं राज्य भारी’ सुरू. एकदा विषय निघाला सरकारी हॉस्पिटलचा आणि मराठी बाजू चक्क गप्प!

आकडेच तसे आहेत. आरोग्य हा राज्यांचा विषय. 2020 पर्यंत राज्यांनी बजेटचा 8 टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्याला द्यावा, असं 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात ठरलं. देशातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था असलेलं आपलं राज्य त्यानंतरही 4-5 टक्क्यांच्या आसपासच घुटमळलं. दिल्लीनं वर्षानुवर्षं 10 च्या वर दिले. (अर्थात, दिल्लीच्या पोलिसांचा पगार केंद्र देतं, मग टक्का फुगणारच. हे मी तिला लगेच ऐकवलं.) केरळवाल्याची कॉलरही ताठ. पण तिथं सरकार बरा खर्च करूनही लोकांच्या खिशातून भरपूर पैसा जातो. म्हातारी माणसं जास्त, शुगर-बीपी जास्त, प्रायव्हेट हॉस्पिटलंही जास्त.

या मॅचमध्ये आपलं वायसीएम मात्र कुणी मोजतच नाही. संत तुकारामनगरचं हे हॉस्पिटल महापालिका चालवते. मुंबईत केईएम, सायन, नायर तसंच. महापालिकेनं स्वतःच्या तिजोरीतून केलेला खर्च राज्याच्या बजेटच्या टक्क्यात दिसत नाही. म्हणजे महाराष्ट्र दिसतो तेवढा कंजूष नाही... तुम्ही शहरात राहत असाल तर!

नाशिक रोडनं निघा, मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडा. महापालिका संपली. पुढे कुरुळी, चाकण, म्हाळुंगे. कंपन्यांची रांग आणि एकेका खोलीत चार-पाच कॉन्ट्रॅक्टवाली पोरं. चाकणला ग्रामीण रुग्णालय आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ते उत्तमच झालं. पण केस जरा गंभीर असली की ट्रॅफिकमधून वाट काढत परत पिंपरीच.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांना आधार ईएसआयचा. त्यासाठी महिना 21,000 ची पगारमर्यादा 2017 मध्ये लागू झाली. 2023 मध्ये आमच्या शॉपफ्लोअरवरच्या एका पोराचा पगार तिच्या थोडा वर गेला. त्यानं सगळ्यांना पेढे वाटले. सहामाही संपली तसं ईएसआय बंद झालं. आमच्या मेडिक्लेममध्ये कॉन्ट्रॅक्टवाले नाहीत. आई त्याच्याकडेच असते, म्हाळुंग्यात. तिला शुगर आहे.