यवतचं पिठलं

तुकोबांच्या पालखीबरोबर मी निघाले ती आभार मानायला. हिवाळ्यात यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, ती निभावली आणि चैत्रात ते पुन्हा आपल्या पायांनी जिना चढू लागले. विठ्ठलाला एवढं तरी सांगून यावं, असं मनाने घेतलं. त्यांनीच पिशवी भरायला मदत केली.

देहू, आकुर्डी, पुणं सगळं गर्दीत आणि उत्साहात निघून गेलं. पुणं सोडल्यावर मात्र सोलापूर महामार्गाचं डांबर सुरू झालं, आणि मला तो रस्ता मुळीच आवडला नाही. एका बाजूला टाळ-मृदंग, दुसऱ्या बाजूला ट्रकचे भोंगे. आषाढाच्या तोंडावरही आभाळ कोरडं होतं. उरुळी कांचनच्या विसाव्याला झाडाखाली जागा मिळाली नाही. यवतला पोचले तेव्हा तळपायाला फोड आले होते आणि मन चिडचिडं झालं होतं.

यवतला पालखीचा मुक्काम काळभैरवनाथाच्या देवळात असतो आणि तिथला पिठलं-भाकरीचा बेत वारीत प्रसिद्ध आहे. मी ऐकलं होतं, पण डोळ्यांनी बघणं निराळं. माणूस आत बसेल एवढ्या कढया. गावातले तरुण घामाघूम होऊन लांब दांड्यांनी पिठलं घोटत होते. लसूण-मिरचीच्या फोडणीचा खकाणा उठला की आसपासचे सगळे ठसकत. भाकरी मात्र घराघरांतून येत होत्या. कुणी टोपलीत, कुणी धोतराच्या फडक्यात बांधून आणत होतं. कुठली भाकरी पातळ, कुठली जाड, एखादी कडेला करपलेली. एका गावातल्या किती बायका दुपारपासून चुलीपुढे बसल्या असतील, हे त्या ढिगाकडे बघून कळत होतं.

पंगतीत शेजारी एक मावशी बसल्या होत्या, जिंतूरकडच्या. त्यांची दिंडी रथापुढची, माझी रथामागची. एरवी गाठ पडली नसती. भाकरीवर पिठलं घेऊन त्यांनी मुठीने कांदा फोडला आणि अर्धा माझ्या पत्रावळीवर ठेवला. "घे माउली, पिठल्याला कांदा पाहिजेच."

पहिला घास घेतला तोच त्यांचा फोन वाजला. मुलगा असावा. "ढग येतेत अन् जातेत? बरं. वासराला पाजलं का? बोअरला पाणी हाय ना? बरं, ठेव." फोन ओच्यात ठेवून त्या पुन्हा जेवू लागल्या.

मृगात एक शिंतोडा आला तेव्हा त्यांनी सरकी लावली होती. त्यानंतर पावसाचा थेंब नाही. आदल्या साली उलट झालं होतं; बोंडं फुटायच्या वेळी पावसाने खळ घेतला नाही, कापूस झाडावरच काळा पडला. हे सगळं त्या भाकरी मोडता मोडता सांगत होत्या.

"मावशी, आता काय करणार?"

"दुबार लावायची. बी सांगून ठिवलंय दुकानात. तेबी न्हाई जमलं तर तूर टाकायची."

मी दिवसातून चारदा घरी फोन करत होते. गोळ्या घेतल्या का, दम लागतो का, रात्री झोप लागली का. आणि या बाईचं वर्षभराचं पोट जमिनीत पडून होतं, तरी भाकरीवरून तिचं लक्ष ढळत नव्हतं. मला ते खरं वाटेना. मी विचारलं, "तुम्हाला काळजी वाटत नाही? पांडुरंग बघून घेईल असं वाटतं?"

त्या रागावल्याच. "काळजी न्हाई कशी? लेकरू हाय, सून हाय. तो बघून घेईल म्हणून म्या हात बांधून बसले का?" थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग आपणहून बहात्तरच्या दुष्काळाचं निघालं. तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, ह्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन सावली शोधायच्या. कामावर सुकडी मिळायची, घरी लाल मिलोची भाकर. "म्या जगले. भाऊ न्हाई जगला. आधी हगवण लागली, मंग ताप."

मला पुढे काय बोलावं ते सुचेना. त्याच म्हणाल्या, "दरसाल कळसापाशी उभी ऱ्हाते अन् इचारते त्याला, मला ठिवलंस अन् त्याला का नेलंस? सांगत न्हाई. पर म्या इचारायचं सोडलं न्हाई, अन् यायचंबी सोडलं न्हाई." मग वाढणाऱ्या पोराला हाक मारून त्यांनी माझ्यासाठीच आणखी पिठलं मागितलं. "खा. ह्या गावानं आपल्यासाठी रांधलंय. त्यानंच रांधायला लावलंय."

देवळाबाहेरच्या पालात त्या रात्री झोप आली नाही. तुकोबांच्या दुष्काळाचं मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आले होते, पण त्या रात्री तो जवळ आला. 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे पसरला होता. देहूचं हे घर खाऊनपिऊन सुखी, महाजनकीचं, दुकान आणि सावकारी असलेलं. त्यात दुकान बुडालं, थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. आणि एवढं झाल्यावर या माणसाने हाती काय घेतलं? पडझड झालेलं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त करायला काढलं. मग कर्जाची खतं. भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. पुढे आयुष्यभर विठ्ठलाशी भांडणंही केली, अगदी कडक शब्दांत. भांडण आणि भरवसा एका माणसात नांदू शकतात, हे मला पुस्तकांतून कधी उमगलं नव्हतं. शेजारी घोरणाऱ्या बायकांच्या मध्ये पडल्या पडल्या ते उमगलं. ज्याच्याशी नातं तुटलं त्याला कोण कशाला जाब विचारील?

मग माझा स्वतःचा प्रश्न समोर आला. शस्त्रक्रिया निभावली नसती तर मी या वाटेवर असते का? सुखात आभार मानायला येणं सोपं. उत्तर मला मिळालं नाही, पण त्या रात्रीपासून मी घरी एकदाच फोन करू लागले, संध्याकाळी, हरिपाठ झाल्यावर.

सकाळी मावशींची दिंडी पुढे गेली होती. नंतर रोटीचा घाट, काटेवाडीला पालखीभोवती धावणाऱ्या मेंढ्या, बेलवाडीचं रिंगण, सराटीला नीरेचं स्नान, सगळं आलं आणि गेलं. इंदापूरच्या अलीकडे चांगला पाऊस लागला. आम्ही भिजत चाललो आणि मी येईल त्या परभणीकडच्या माणसाला विचारत होते, "तुमच्याकडे आहे का हो?" कुणी हो म्हणे, कुणी नाही. जिंतूरचं नक्की कुणालाच सांगता येईना.

पंढरपुरात दर्शनाची रांग लांबच लांब होती. मी कळसाचंच दर्शन घेतलं. आभार मानायचे होते ते मानले. त्याआधी मावशींच्या भावाचं विचारलं.

संध्याकाळी दिंडीप्रमुख पुढच्या वर्षीची नावं लिहून घेत होते. "घरी विचारून कळवता का, माउली?" ते म्हणाले. मी नाव तिथल्या तिथे नोंदवलं आणि भिशीचे पैसेही आगाऊ भरले. पुढच्या आषाढीपर्यंत घरी काय होईल, काय नाही, याची अट त्यात घातली नाही.