चंद्रावरचे बिऱ्हाड

चंद्रावर वसाहत होणार, असे कोणी म्हटले तर आता आम्हांस हसू येत नाही. १९६९ ते १९७२ या काळात १२ माणसे तेथे वावरून आली. त्यांतील सर्वांत दीर्घ मुक्काम अपोलो-१७ च्या वीरांचा. तोही सुमारे ७५ तासांचाच. परंतु मुक्काम निराळा आणि गाव निराळे. ग्वाल्हेरच्या 'लष्करा'चे नावच पाहावे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी तेथे तळ दिला. फौजेमागून बाजार आला, बिऱ्हाडे आली, तंबूंच्या जागी वाडे उठले आणि आमच्यापैकी कित्येक घराणी तेथलीच होऊन गेली. पण त्या तळाला पाणी होते, हवा तर फुकटचीच होती.

चंद्रावर पाण्याचा अंश आहे, हे चांद्रयान-१ वरील उपकरणाने २००९ साली दाखविले. त्याच वर्षी कॅबियस विवरात रॉकेटचा एक टप्पा मुद्दाम आदळविण्यात आला. उडालेल्या धुरळ्यातही ते आढळले. मात्र हे पाणी ध्रुवाजवळ, सूर्यकिरण कधीच न शिरणाऱ्या विवरांत, मातीत मिसळून गोठलेले. ते खणावयाचे, वितळवावयाचे, त्यातूनच प्राणवायू काढावयाचा. आडाला रहाट बसविण्याइतके ते सोपे नव्हे.

त्याहून कठीण ती रात्र. तेथील रात्र आपल्या सुमारे १४ दिवसांची. २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलेल्या चांद्रयान-३ च्या विक्रम आणि प्रज्ञान यांनी एक चांद्रदिवस चोख काम केले; रात्रीपूर्वी त्यांना निजविले, ते पुन्हा उठलेच नाहीत. पण जाता जाता त्यांनी एक उपयोगी वार्ता दिली. पृष्ठभाग ५० अंशांहून अधिक तापलेला असता केवळ ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंश! उष्णतेला अशी अडविणारी माती घराच्या छपरावर जाड थराने घालावी, म्हणजे ऊन, थंडी आणि अंतराळातील घातक किरण या तिन्हींपासून आसरा मिळेल. धाब्याच्या घरात वाढलेल्यांना ही युक्ती नवी वाटू नये.

मालकीचा तंटा तूर्त नाही. १९६७ च्या कराराने कोणत्याही राष्ट्रास चंद्रावर स्वामित्व सांगता येत नाही.

तेव्हा अंटार्क्टिकावरील आपल्या 'मैत्री' केंद्राप्रमाणे पाळीपाळीने माणसे जातील, राहतील, परततील. इतके आम्हांस शक्य दिसते. लेकुरवाळे बिऱ्हाड मात्र वेगळे. चंद्रावर वजन पृथ्वीच्या एक षष्ठांश. तेवढ्या भारात बाळाची हाडे कशी घडतील, हे तेथे बाळ वाढविल्यावाचून पुरते कळावयाचे नाही. आणि त्या प्रयोगासाठी कोणी आई आपले मूल देईल, असे आम्हांस वाटत नाही.