शुभ्र सदऱ्यांचा संघ

आमच्या गोव्यातील मुलांना फुटबॉलची गोडी लावावी लागत नाही. युव्हेंटस, मिलान ही इटालियन संघांची नावेही त्यांना मुखोद्गत असतात. परंतु आम्हांस ममत्व वाटते ते प्रो वेर्चेल्ली या संघाविषयी.

इटलीच्या वायव्येस, सेसिया नदीच्या काठी, वेर्चेल्ली हे नगर वसले आहे. आमच्याप्रमाणेच तोही भाताचा मुलूख. तेथे १८९२ साली स्थापन झालेल्या एका व्यायामसंस्थेने १९०३ साली फुटबॉलची शाखा काढली. शुभ्र सदरे घालून खेळणाऱ्या या संघाने १९०८ ते १९२२ या काळात सात वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले! १९१३ साली बेल्जियमविरुद्ध उतरलेल्या इटलीच्या अकरा खेळाडूंपैकी नऊ याच संघाचे होते.

पुढे खेळात पैसा शिरला. १९२३ साली विर्जिनिओ रोझेत्ता युव्हेंटसकडे गेला. सोळाव्या वर्षी येथे पहिला सामना खेळलेला सिल्व्हिओ पिओला १९३४ साली लात्सिओस विकला गेला. दुसऱ्याच वर्षी संघ पहिल्या श्रेणीतून घसरला. १९३८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पिओलाने दोन गोल केले, त्या वेळी त्याचा जुना संघ खालच्या श्रेणीत झुंजत होता. १९४८ साली दुसरी श्रेणीही सुटली. २०१० साली जुनी संस्था आर्थिक संकटात बुडाली, तेव्हा गावातल्याच दुसऱ्या संघाने तिचे नाव पुढे चालविले. २०१२ साली, ६४ वर्षांनी, दुसरी श्रेणी पुन्हा लाभली. २०१८ साली ती पुन्हा गेली.

विद्यार्थिमित्रहो, आम्ही लहान गावात शिकवितो. मन लावून घडविलेला विद्यार्थी परीक्षेत चमकतो आणि मुंबईस वा परदेशी निघून जातो. त्याच्या उत्कर्षाचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु जूनमध्ये त्याचे रिकामे बाक पाहून मन खिन्न होते, हेही खरे. अशा वेळी आम्हांस वेर्चेल्ली आठवते. पिओलाने त्या गावास एकही अजिंक्यपद मिळवून दिले नाही, त्याची कीर्ती इतरांच्या सदऱ्यात वाढली. तरीही १९९६ साली तो निवर्तल्यावर गावाने आपल्या क्रीडांगणास त्याचेच नाव दिले. त्याच क्रीडांगणावर आजही नवी मुले शुभ्र सदरे घालून उतरतात. गेलेल्यांचे कौतुक करावे आणि समोर बसलेल्यांना तितक्याच आस्थेने शिकवावे, हा धडा आम्ही त्या गावाकडून घेतला आहे.