बांधावरची निंबोळी

आषाढातली पहिली उघडीप. भोकरदनकडच्या आमच्या बांधावर लिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडलाय. आई आणि मी सकाळभर वेचल्या, गर चोळून काढला, बिया सावलीत पसरल्या.

कपाशीवर तुडतुडे दिसेपर्यंत त्या वाळतील. मग ५ किलो कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, फडक्यातून गाळायच्या, २०० ग्रॅम साबणाचा चुरा घालून १०० लिटर द्रावण करायचं. फवारणी ऊन कलल्यावरच. त्यातलं अ‍ॅझाडिरॅक्टिन उन्हात टिकत नाही. किडी लगेच मरून पडत नाहीत. पानाला तोंड लावेनाशा होतात, कात टाकताना अडकतात. दोन दिवस धीर धरावा लागतो, आणि तोच आमच्याकडे कमी पडतो. गुलाबी अळी एकदा बोंडात शिरली की मात्र हा अर्क तिथवर पोचत नाही, हेही खरं.

२०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर गेले. तेव्हापासून मी रासायनिक औषधाचा पंप पाठीवर घेतला की आई दारातून हलत नाही. अर्काच्या दिवशी ती निवांत असते.

याच लिंबापासूनच्या बुरशीनाशकावर युरोपात घेतलेलं पेटंट २००० साली रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. परक्यांना जिची किंमत कळली, ती निंबोळी आपल्या बांधावर कुजते, याचं फार वाईट वाटतं.

शेजाऱ्यांनो, पाऊस पुन्हा धरायच्या आत वेचून घ्या.