शेवटच्या फेरींतील गडी

खो-खो हा खेळ आमच्या लहानपणीं शाळेच्या अंगणांत सुरू होई आणि तेथेंच संपे. दहावीचें वर्ष आलें कीं तो सुटावयाचा, हें ठरलेलें असे. त्याच खेळाच्या गड्यांची पुढें नांवानिशीं निवड होऊन त्यांस लाखाच्या भाषेंत मानधन मिळेल, असें त्या काळीं कोणीं सांगितलें असतें तर आमच्या वडिलांनीं त्याची थट्टाच केली असती. परंतु जुलै 2022 मध्यें हें प्रत्यक्ष घडलें. ‘अल्टिमेट खो-खो’ या व्यावसायिक स्पर्धेच्या सहा संघांनीं सुमारें 240 नांवांच्या यादींतून सुमारें 140 गडी उचलले. गड्यांच्या चार श्रेणी केल्या होत्या : पहिलीस 5 लाख, दुसरीस 3 लाख, तिसरीस दीड लाख आणि चौथीस 1 लाख रुपये. प्रतीक वाईकर, मजहर जमादार यांसारखीं नांवें आरंभींच गेलीं. त्यांविषयीं दुमत असण्याचें कारण नव्हतें. खरा जीव टांगणीस लागतो तो यादीच्या तळाशीं.

या पद्धतीस ड्राफ्ट म्हणतात, व ती लिलावाहून निराळी आहे. कबड्डींत लिलाव होतो. कोल्हापूर जिल्ह्यांतील सिद्धार्थ देसाई याला 2018 मध्यें यू मुंबानें 36 लाख 40 हजारांस घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं तेलुगू टायटन्सनें त्याच्यासाठीं 1 कोटी 45 लाख मोजले. दोघां धन्यांची चुरस लागली कीं तेथें गड्याचा भाव चढतो. ड्राफ्टमध्यें भाव आधींच ठरलेला असतो. संघांनीं पाळीपाळीनें नांव तेवढें घ्यावयाचें. त्यामुळें सर्वांचें लक्ष पैशावरून उठून क्रमावर बसतें : कोण आधीं, कोण मागून, आणि कोणाचें नांव निघालेंच नाहीं.

माझ्या मावसबहिणीचा धाकटा मुलगा त्या यादींत चौथ्या श्रेणींत होता. राहणार धुळ्याचा, वय तेव्हां 19. त्याचें काम पाठलागाचें. खो-खोंत पाठलाग करणाऱ्यानें एकदां खांद्याची रेघ एका बाजूस वळविली कीं त्यास मागें फिरतां येत नाहीं. म्हणून जाणता गडी खो मिळाल्यावर उठतांना ती रेघ शेवटच्या क्षणापर्यंत वळूं देत नाहीं, आणि पळणारा तेवढ्यानेंच फसतो. हें कसब त्या मुलाच्या अंगीं आहे. मामा म्हणून मी हें सांगत नाहीं. जळगांवास एका सामन्यांत समोरच्या संघाचे दोन चांगले धांवपटू असे फसलेले मीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. तरी त्याचें नांव निघालें नाहीं. दोन दिवस तो पानावर बसून नुसता भात चिवडीत होता, असें ताई फोनवर म्हणाली.

निवडणारे दुष्ट असतात असें मला वाटत नाहीं. जें त्यांस दिसतें त्यांतून ते निवडतात. पुण्या-मुंबईचा, सांगलीचा किंवा धाराशिवचा मुलगा त्यांच्या नजरेसमोर वर्षांतून अनेक वेळां येतो. खानदेशच्या मुलास राज्यस्पर्धेंत दोन-तीन सामने मिळाले तर मिळाले. जिल्ह्याचा संघ लौकर बाद झाला कीं त्या मुलाचें त्या वर्षाचें दर्शन तेथेंच संपतें. त्यांत आमची काळी माती. वैशाखांत तिला भेगा पडतात, श्रावणांत तिचा चिखल होतो. मधले कांहीं महिने मिळतात तेच खरे. सूर मारणें तो या मातीवर शिकला. मॅटवर अंग सरकतें निराळें, आणि कोपर सोलवटतें तेंहि निराळ्या ठिकाणीं. व्यावसायिक स्पर्धा सगळी मॅटवर!

अमेरिकेंत हा निवडीचा प्रकार फार जुना आहे. तेथील व्यावसायिक फुटबॉलांत (हा चेंडू हातांत घेऊन पळण्याचा खेळ, आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे) ड्राफ्टची प्रथा 1936 पासून चालत आली आहे. हल्लीं सात फेऱ्या होतात, अडीचशेंच्या वर नांवें पुकारलीं जातात, आणि मागच्या मोसमांत ज्यानें सर्वांत वाईट खेळ केला त्या संघास पहिला मान मिळतो. त्या खेळांत ‘वाइड रिसीव्हर’ म्हणून एक गडी असतो. मैदानाच्या कडेनें सुसाट सुटून लांबून फेंकलेला चेंडू झेलणें हें त्याचें काम. असा गडी 40 यार्ड किती सेकंदांत धांवतो, उभ्यानें किती उंच उडतो, हें सारें घड्याळ आणि पट्टी लावून मोजतात. आणि तरीहि 2009 मध्यें शेवटच्या फेरींत 232 व्या क्रमांकावर घेतलेला ज्यूलियन एडलमन फेब्रुवारी 2019 मधील अंतिम सामन्याचा सर्वोत्कृष्ट गडी ठरला. पुका नाकुआ 2023 मध्यें पांचव्या फेरींत 177 वा. महाविद्यालयांत दुखापतींमुळें त्याचे बरेच सामने बुडाले होते. त्यानें पहिल्याच मोसमांत 105 झेल घेऊन नवख्या गड्यांचा विक्रम मोडला. अमॉन-रा सेंट ब्राउन याच्या आधीं 2021 मध्यें सोळा रिसीव्हर निवडले गेले, आणि त्या सोळाहि जणांचीं नांवें तो पाठ म्हणून दाखवितो. हा डूख मला फारसा आवडला नाहीं, समजला मात्र. उलट 1936 च्या त्या पहिल्या ड्राफ्टमधील अगदीं पहिला गडी, जे बरवँगर, व्यावसायिक सामना एकहि खेळला नाहीं.

हीं उदाहरणें मीं भाच्याला सांगितलीं खरीं, परंतु हातचें राखून सांगितलीं. शेवटच्या फेरींतील पुष्कळ गडी मोसम सुरू होण्यापूर्वींच घरीं पाठविले जातात, आणि त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवीत नाहीं.

मेहुण्यांचें म्हणणें सरळ होतें. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं 5 टक्के जागा राखीव असतात. त्यासाठीं मान्यताप्राप्त स्पर्धेंतील पदकाचें प्रमाणपत्र लागतें. तें मिळवावें आणि मोकळें व्हावें. आमच्यासारख्या घरांत खेळाची किंमत अशी कागदावर उतरल्यावांचून कळत नाहीं, यास मी हंसत नाहीं. बापाला मुलाच्या पोटाची काळजी असावयाचीच. पण मुलाचें उत्तर मला अधिक पटलें. “मामा, त्या लाखाचें मला कांहीं नाहीं. चांगल्या गड्यांच्या मागें मॅटवर एकदां पळून पाहावयाचें होतें.” मीं माझें मत स्पष्ट सांगितलें : पदवी पुरी करावी, आणि चोविसाव्या वर्षापर्यंत सकाळचें मैदान त्याचें असावें. मेहुण्यांनीं घासाघीस करून तेविसावर आणलें.

त्याच वर्षीं 4 सप्टेंबरला बालेवाडीस अंतिम सामना झाला. ओडिशाचा संघ 43–45 असा मागें होता. शेवटच्या मिनिटांत सुरज लांडे यानें आकाशीय सूर मारून तीन गुण घेतले आणि ओडिशा 46–45 नें जिंकली. भाचा तेव्हां जळगांवास आमच्याकडे होता. आम्ही सगळे ओरडलों. तो मात्र लांडे यानें पाय कोठून उचलला तें दूरदर्शनच्या पडद्यापाशीं जाऊन बोटानें दाखवीत बसला. पुढें जानेवारी 2025 मध्यें दिल्लीस पहिला विश्वचषक झाला, प्रतीक वाईकरच्या नेतृत्वाखालीं भारतानें नेपाळला 54–36 असें हरविलें, तेव्हांहि त्याची तीच तऱ्हा.

तो आतां एम. कॉम. च्या दुसऱ्या वर्षास आहे, आणि मेहुण्यांचें तेविसावें वर्ष यंदा भरतें. परवां त्याचा फोन आला. विद्यापीठाच्या संघाची चांचणी जळगांवास आहे, आदल्या रात्रीं मुक्कामास येतों, पहाटे पांचला उठवाल ना, असें विचारीत होता. मामी म्हणाली, चारलाच उठवूं, कांहीं खाऊन जाईल.