उलटी अक्षरं

बी.एड.ला शिकलेलं ठसेकाम मी डिसेंबरात आमच्या उर्दू शाळेतल्या सातवीच्या मुलींना दिलं. दवाखान्यातल्या सिस्टरना नाताळचं कार्ड द्यायचं होतं. ओल्या शाईवर एम्बॉसिंगची पावडर भुरभुरायची, जादाची झटकायची. गरम हवा लागली की ती वितळते आणि अक्षर उठून दिसतं.

एकीचे अब्बा आले. "टीचर, ये अपना काम है क्या?"

मी विचारलं, "हिला पहिली लस कुणी टोचली?"

ते गप्प बसले.

ठसा उलटा कोरावा लागतो. उर्दू 'मुबारक' मराठीसारखं डावीकडून चाललं, मराठी 'शुभेच्छा' उर्दूसारख्या उजवीकडून. कागदावर दोन्ही सरळ उमटली. अब्बांनी त्यांवरून बोट फिरवलं आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं.