तोंडचा घास

२०२३ च्या डिसेंबरअखेर माझे वडील, अण्णा, पहिल्यांदा दिल्लीला आले. मनमाडहून गाडीत बसले ते बाजरीच्या पिठाची पिशवी आणि अर्धी गोणी लाल कांदा घेऊन. कांदा इथंही मिळतो, असं म्हटल्यावर म्हणाले, "मिळतो, पण कुणाचा ते माहीत नसतं."

त्या महिन्यात कांद्याचं नाव घरात जपूनच काढावं लागत होतं. आठ डिसेंबरपासून केंद्र सरकारनं निर्यातबंदी घातली होती. आधी ऑगस्टात चाळीस टक्के निर्यातशुल्क बसवून झालं होतं, आता दारच बंद. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रस्ते अडवले गेले, आणि भाव बघता बघता निम्म्याच्या आसपास आले. उन्हाळ कांदा असता तर चाळीत भरून वाट पाहता आली असती. लाल कांद्याचं तसं नाही. तो टिकत नाही. काढला की ट्रॉलीत भरायचा आणि मिळेल त्या भावानं बाजार समितीत मोकळा करायचा. अण्णांनी तो तसा मोकळा केला होता आणि मग माझ्याकडे यायचं ठरवलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मंडी हाऊसला मेट्रोतून उतरून आम्ही कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात जेवायला गेलो. मी दिल्लीत चौदा वर्षं भाषांतराची कामं करते. घरची फार आठवण आली की या रस्त्याला येते. अण्णांनी ती भली मोठी इमारत खालून वरपर्यंत पाहिली, आत बसले, पिठलं-भाकरी मागवली, ताटातला कांदा मुठीनं फोडला आणि एकदम विचारलं, "ते लिबरल म्हणजे काय गं?"

प्रश्न कुठून आला ते मला कळलं. आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभरापूर्वी कुणीतरी एका लेखकाला तुरुंगात टाका असं लिहिलं होतं. मी उत्तर दिलं होतं की मलाही त्याचं लिहिणं पटत नाही, पण न पटणाऱ्या लिहिण्याला उत्तर द्यावं, बेड्या घालू नयेत. त्यावर माझ्या चुलतभावानं मला 'लिबरल' म्हटलं, आणि त्या शब्दाला जे शेपूट जोडून त्याची शिवी करतात तेही जोडलं. अण्णा ग्रुपवर काही लिहीत नाहीत. वाचतात मात्र सगळं.

"शिवी आहे का ती?" ते म्हणाले. "असंल तर त्याच्याशी बोलतो. नसंल तर मला समजून घ्यायचंय."

पुस्तकी उत्तर माझ्यापाशी होतं. उदारमतवाद, लोकहितवादींची शतपत्रं, रानडे, आगरकर, गोखले. नेमस्त आणि मवाळ हे शब्द आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीही हिणवायलाच वापरले जात, हेही सांगता आलं असतं. पण ज्या जागी आम्ही बसलो होतो तिथं मला दुसरंच आठवत होतं, आणि मी तेच सांगितलं.

१७ जुलै २०१४. रमजान चालू होता. याच सदनात महाराष्ट्रातले काही खासदार खानपान व्यवस्थेवर चिडले होते. जेवण वाईट मिळतं, ही त्यांची तक्रार होती. वारंवार सांगूनही फरक पडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या तक्रारीत तथ्य असेलही. रागाच्या भरात त्यांच्यातल्या एकानं तिथल्या पर्यवेक्षकाच्या तोंडात चपाती कोंबली. तो माणूस रोजा धरून होता. काही दिवसांनी ते चित्रण वाहिन्यांवर आलं, संसदेत गोंधळ झाला. तो मुसलमान आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं त्या खासदारांनी सांगितलं आणि खेदही व्यक्त केला.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. आठवडाभर आम्ही मित्रमंडळी एकाच गोष्टीवर भांडत होतो: त्याच्या सदऱ्यावरची नावाची पट्टी दिसत होती की नव्हती? दिसत होती, असं मी हिरिरीनं म्हणत होते. पट्टी दिसली असेल तर गुन्हा, नसेल तर नुसता संताप, असा जणू आमचा ठरलेला न्याय होता. त्या वादातली खोट मला फार उशिरा कळली. समजा तो हिंदू असता. उपास नसता, पोटभर जेवलेला असता. मग चालला असता का तो घास?

"नाही," अण्णा म्हणाले.

"का नाही?"

"तोंड त्याचं आहे."

एवढंच मला सांगायचं होतं. आधी एकटा माणूस, त्याचं तोंड, त्याचं शरीर, त्याचा शब्द, त्याची कमाई. त्याचा धर्म, जात, पक्ष मग विचारायचा. मात्र धर्म-जात विचारायचीच नाही, असंही मी म्हणत नाही. चिडलेला हात सगळ्यांच्या तोंडाशी सारख्या सहजतेनं जात नाही. ज्याच्या पाठीशी माणसं कमी, त्याच्याकडे तो आधी वळतो. म्हणून जो एकटा आहे, थोडक्यांतला आहे, त्याच्यासाठी कायदा जास्त जागा असावा लागतो. संविधानात मूलभूत हक्क व्यक्तीला दिले आणि त्यातच अस्पृश्यता गुन्हा ठरवली, ते मला याच एका विचाराचे दोन हात वाटतात. डॉक्टर आंबेडकरांची दिल्लीतली कायदेमंत्री म्हणून असलेली वर्षं इथून चालत जाण्याच्या अंतरावर गेली, हेही मी अण्णांना सांगितलं.

पुढं पालघरचं सांगितलं. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती, आणि त्या बंदबद्दल एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीनं त्या नुसत्या आवडल्याचं दाखवलं. दोघींना अटक झाली. त्या धक्क्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयापुढं गेलं आणि मार्च २०१५ मध्ये ते रद्द झालं. पालघरच्या मुलींची बाजू घेणं मला सोपं गेलं, कारण त्या मला आपल्या वाटल्या. माझी कसोटी लागते ती मला ज्याचा राग येतो तो गजाआड जातो तेव्हा. दोनदा मी त्या कसोटीला उतरले नाही. गप्प बसले, आणि मनातून बरं वाटलं. अण्णांना मी हेही सांगून टाकलं, कारण या विषयावर त्यांच्याशी अर्धवट बोलायचं नव्हतं.

अण्णांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"कोंबलेल्या घासाचं समजलं. मंग काढून घेतलेल्या घासाचं काय?"

मला लगेच कळलं नाही.

"आठ तारखेला आमच्या तोंडचा घास काढला. इथल्या लोकांना कांदा महाग पडू नये म्हणून. तू ग्रुपवर त्या लेखकासाठी लिहिलंस, चांगलं केलंस. कांद्यावर का नाही लिहिलं?"

मी लिहिलं नव्हतं. तसं सुचलंच नव्हतं, हे त्याहून वाईट. माझ्या ओळखीतले दिल्ली-मुंबई-पुण्याचे उदारमतवादी पुस्तकावर बंदी आली की सभा घेतात, सिनेमा अडवला की पत्रकं काढतात. शेतकऱ्याचा माल सरहद्दीवर अडवला की त्यांच्या लेखी तो महागाईचा, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी पानावरचा विषय असतो. मीही त्यांच्यातलीच झाले होते. आणि मी तर त्या घरात वाढले, जिथं देवघराच्या खुंटीला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला टांगलेला असायचा.

स्वातंत्र्य हा शब्द मी पहिल्यांदा पुस्तकात वाचला नाही, अण्णांच्या तोंडून ऐकला. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून शरद जोशी चाकणजवळ कोरडवाहू शेती करायला आले आणि कांद्यापासूनच त्यांचं, म्हणजे शेतकरी संघटनेचं, आंदोलन उभं राहिलं. १९८० साली नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाच्या भावासाठी रास्ता रोको झाला तेव्हा अण्णा कॉलेज सोडून रस्त्यावर होते. सरकारनं आम्हाला काही देऊ नये, फक्त आमचं घेऊ नये, असं ते आम्हा भावंडांना अजूनही सांगतात. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा मी पाढ्यांच्या आधी शिकले. ज्यानं पिकवलं त्याला विकण्याचा हक्क नसेल तर त्याचं बाकीचं स्वातंत्र्य शोभेचं आहे, हे मला कुठल्याही तत्त्वज्ञाच्या आधी आमच्या निफाड तालुक्यानं शिकवलं होतं. चौदा वर्षांच्या दिल्लीत ते माझ्या हातून निसटलं होतं.

तरी अण्णांच्या मागे शेवटपर्यंत मी जात नाही, आणि तेही त्यांना सांगितलं. सरकारनं नुसतं बाजूला व्हावं एवढ्यावर माझं समाधान होत नाही. ज्या पोराला शाळाच नाही त्याला निवड कसली? याचं उदाहरण या रस्त्याच्या जुन्या नावापाशीच सापडतं: हा पूर्वी कर्झन रोड होता. त्या व्हाइसरॉय कर्झनशी कलकत्त्याच्या कौन्सिलात आकडे आणि मुद्दे घेऊन झुंजणारा माणूस आपला, रत्नागिरी जिल्ह्यातला. सरकारी गुपितांच्या कायद्याचा फास आवळला जात होता तेव्हा गोखले त्याविरुद्ध बोलले. १९०५ च्या बनारस काँग्रेसमध्ये अध्यक्षपदावरून त्यांनी कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाशी केली. त्याच गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. सरकारचा हात इथं आवरा आणि तिथं पुढं करा, असं एकच माणूस म्हणत होता, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. शाळा, दवाखाना, राखीव जागा यांना मी स्वातंत्र्याचा खर्च समजते.

राखीव जागांचं नाव निघालं आणि अण्णा हसले. आमच्या घरातलं ते जुनं भांडण. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध १ मतानं मंजूर झालं, आणि तो एक म्हणजे शरद जोशी. आई तेव्हा महिलांच्या राखीव जागेवरून निवडून आलेली ग्रामपंचायत सदस्य होती. दोन दिवस ती अण्णांशी बोलली नाही. मी आईच्या बाजूची होते, आजही आहे. पण सगळं सभागृह एका बाजूला असताना एकट्यानं आपलं मत नोंदवणाऱ्या त्या माणसाला मी मनात उभं राहून मान दिला होता. सप्टेंबरात नव्या संसदेत तेच आरक्षण राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्यानं पार पडलं तेव्हा मला आनंद झाला, आणि त्या शून्याकडे मी जरा जास्त वेळ पाहत राहिले.

बिल देऊन बाहेर पडलो. ऊन उतरलं होतं, धुकं परत जमू लागलं होतं. रस्त्याच्या नावाची पाटी चार लिप्यांत असते. अण्णांनी नागरीतली ओळ मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, "कर्झनच्या जागी हिचं नाव. बरं केलं. ही आपल्या पुण्यात गेली ना?"

"आगाखान पॅलेसमध्ये. फेब्रुवारी १९४४. कैदेत."

मग चालता चालता मी त्यांना डर्बनची हकिकत सांगितली, जी गांधीजींनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवली आहे. घरी राहणारे कारकून, खोल्यांतली लघवीची भांडी, ती घरच्यांनीच साफ करायची हा गांधीजींचा नियम. एक कारकून अस्पृश्य मानलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेला ख्रिस्ती. कस्तुरबा त्याचं भांडं घेऊन जिना उतरत होत्या, पण डोळ्यांत पाणी होतं. गांधीजींना ते खपेना. तिनं हे काम हसतमुखानं केलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्या म्हणाल्या, तुमचं घर तुमच्यापाशी ठेवा. त्यावर त्यांनी हाताला धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेलं.

"काम चांगलं होतं," अण्णा म्हणाले.

"होतं. मी त्यांच्याच बाजूची आहे, जात मोडायच्या बाजूची. तरी ते फाटक मला विसरता येत नाही."

अण्णा थांबले. बाजूनं गाड्या इंडिया गेटकडे धावत होत्या. बराच वेळ ते त्या पाटीकडे मागं वळून पाहत राहिले.

"तुझी आई शहाऐंशीला संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेली, ते मी सगळ्यांना सांगतो ना?"

मी लहानपणापासून ऐकत आले होते. लाखो बायका, आणि त्यांत कडेवर मला घेतलेली आई. आमच्या घराची ती अभिमानाची गोष्ट.

"तिला यायचं नव्हतं. तू चार महिन्यांची, अंगात ताप. ती म्हणाली, पोरीला घेऊन मी घरी थांबते. मी म्हणालो, कार्यकर्त्याची बायको घरी राहिली तर गावात तोंड काय दाखवू? ट्रॅक्टरमधी बसवली तिला. स्त्रीमुक्तीला."

शेवटचा शब्द ते फार हळू बोलले. मी काही म्हटलं नाही. आईनं हे मला कधी सांगितलं नव्हतं.

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. चष्मा त्यांच्या गळ्यातच होता.

"घरी लावून दे."

पलीकडे आईनं उचलला. जेवलात का, असं तिनं नेहमीसारखं विचारलं.